शेवटचा कॉल मी तोडला होता

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की, कोविडमध्ये मावशीचा शेवटचा व्हिडिओ कॉल नेटवर्कमुळे तुटला. ते खरं नाही. तिची धाप मला बघवेना, म्हणून मीच तो कट केला. मला घरी बसवून अक्षरं शिकवणारी ही मावशी.

आज सकाळी शेजारच्या, मूळ घानाच्या अकोसुआ आँटी अंगणात त्यांच्या रीतीप्रमाणे पाणी ओतत गेलेल्या भावाला हाक मारत होत्या. तोही कोविडमध्येच गेला. मला बघून म्हणाल्या, "ये. तुझं कोण गेलं? जन्मवार कुठला?"

"मावशी, कोविडमध्येच. वार माहीत नाही."

"इतकी वर्षं रडतेस आणि वार माहीत नाही? आमच्यात प्रत्येक जिवाला त्याचा जन्मवार असतो. त्या वारी गेलेल्यांशी बोलायचं. आणि थापा नकोत हं, त्यांना सगळं दिसतं!"

त्या हसल्या. म्हणजे लाल बटणाकडे जाणारं माझं बोट मावशीला दिसलं असणार.

आईला फोन केला. "मंगळवारची गं ती. का?"

गेलेल्या माणसाची माफी तुम्ही कधी मागितली आहे का? सुरुवात कशी केलीत? मी येत्या मंगळवारी सकाळी मागणार आहे.