करकोच्यांच्या मोठ्या बाई

सुलोचनाबाई पक्ष्यांची हजेरी घ्यायच्या. हिवाळ्यात कॉलनीतल्या आम्हा चार हौशी माणसांना घेऊन त्या नांदेडबाहेरच्या जलाशयावर जात, काठावर दुर्बीण डोळ्याला लावून उभ्या राहत आणि मोठ्यानं पुकारत, "तलवार बदक आलेत. चक्रवाक आलेत. हंस कुठं हायत?" आवाज मुख्याध्यापिकेचा, मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या पोराच्या कानात शिरणारा. हजर असलेली बदकंही तो ऐकून गैरहजर होत. मग बाई आमच्याकडे वळून म्हणत, "तुम्ही बोलून राहिलात म्हणून उडाले."

निवृत्त होऊन त्या आमच्या शेजारी राहायला आल्या, पण निवृत्ती फक्त शाळेनं घेतली होती. सगळी कॉलनी त्यांना 'मोठ्या बाई' म्हणे आणि वर्गात बसल्यासारखी घाबरे. माझी बायको रेखा पोळ्या जाड का करते, मी बदली का नाकारली, समोरच्यांनी गच्चीवर पत्रे का टाकले, सगळ्याचा जाब त्यांना द्यावा लागे. "दुसऱ्याचं चुकताना दिसलं की गप बसणारा माणूस अर्धा गुन्हेगार असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते नुसतं वाक्यच होतं असंही नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या मुलीला सासरी मारहाण होते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळे हळहळत होतो. बाई एकट्या तिच्या सासरी उमरीला गेल्या आणि मुलीला घेऊन परत आल्या. तेव्हापासून पोळ्यांवरची टीका रेखा निमूट ऐकून घेई.

मार्च सरला की पाणी आटायचं, पाहुणे पक्षी उत्तरेला निघून जायचे आणि बाईंची पंचाईत व्हायची. तपासणी करायची कुणाची? पुण्यातल्या त्यांच्या डॉक्टर मुलानं एका उन्हाळ्यात भिंतभर टीव्ही पाठवला आणि नेट जोडून दिलं. आठवडाभरात बाईंनी युरोपातल्या कुठल्याशा खेड्यातलं करकोच्यांचं एक घरटं शोधून काढलं. खांबावर काटक्यांचा ढीग, त्यात एक जोडपं आणि वर अष्टौप्रहर चालू असलेला कॅमेरा. हे जोडपं हिवाळ्यात आपल्याच मराठवाड्यात होतं, असं बाईंनी जाहीर करून टाकलं. पुरावा विचारला तर म्हणाल्या, "चालीवरून कळतं."

झालं. बाहेर ऊन रटरटत असायचं, आत पडदे ओढून, कूलर लावून बाई करकोच्यांची शाळा चालवायच्या. नर उशिरा आला की त्यांचा पारा चढे. मादी फार वेळ उठून गेली की "हिचं लक्ष घरट्यात न्हाई" असा शेरा पडे. पिल्लं निघाली त्या दिवशी त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. स्वतःच्या नातवाच्या वेळी वाटले नव्हते, हे रेखानं घरी आल्यावर मला ऐकवलं. चित्राशेजारी जगभरचे लोक काहीबाही लिहीत असत. बाई त्यांचं इंग्रजी दुरुस्त करू लागल्या. तीन-चार दिवसांत त्यांना तिथून हाकललं. "मला काढलं," त्या आम्हाला सांगत होत्या, आणि त्या 'मला'मध्ये अख्ख्या शिक्षण खात्याचा अपमान भरलेला होता.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून रेखाला हाक आली. आम्ही दोघंही गेलो. पिल्लांमधलं सगळ्यात धाकटं अशक्त होतं. चोच वर करायचं, पण घास मोठ्यांनाच मिळायचा. आम्ही बघत असतानाच मादीनं त्याला चोचीत धरलं, दोनदा हलवलं आणि खांबावरून खाली टाकून दिलं. मग ती उरलेल्या पिल्लांना भरवू लागली.

बाई उभ्याच राहिल्या. "कुणीतरी उचला त्याला," त्या टीव्हीला म्हणाल्या. मग माझ्याकडून त्यांनी कॅमेरेवाल्यांना खरमरीत पत्र पाठवून घेतलं. संध्याकाळी सभ्य उत्तर आलं: आम्ही निसर्गात ढवळाढवळ करत नाही, कमकुवत पिल्लू टाकून बाकीची जगवणं ही या पक्ष्यांची रीतच आहे. मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं, आता दुसरं पत्र लिहावं लागणार. पण बाईंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "मीनलला मी असंच टाकलं."

बाईंना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं. मुलगा आणि मुलगी, दोघांनाही त्यांनी डॉक्टर करायला लातूरला क्लासेसना ठेवलं होतं. मुलाचा मेडिकलला नंबर लागला. मीनल प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाली. तेव्हा बाईंनी तिला सांगितलं होतं, की तुझ्यावर अजून एक वर्ष घालवण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा भावाकडं बघते. मीनल घरी परतलीच नाही. आता ती लातुरात क्लासच्या मुलींसाठी खाणावळ चालवत होती. बाई कधी तिकडे फिरकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एसटीनं लातूरला नेलं. वाटेत त्यांनी कंडक्टरलासुद्धा काही शिकवलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मीनल पातेल्यासमोर उभी होती. तिनं आईला ओळखलं. हातातला डाव थांबला. बाई पुढे झाल्या, पातेल्यात डोकावल्या आणि इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलल्या, "वरण पातळ झालंय."

मीनलनं आवाज चढवला नाही. "आई, बघायचं असंल तर तिथं बस अन् बघ. बोलायचं असंल तर एसटी स्टँड जवळच हाय."

बाई आता उलट्या पावली निघणार, अशी माझी खात्री होती. त्या भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मुली येऊन जेवू लागल्या. चाचणीत मार्क कमी पडलेली एक मुलगी ताट तसंच सोडून उठत होती. मीनलनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं, भाकरीवर तूप घातलं आणि तिचं जेवण होईस्तोवर शेजारी बसून राहिली. मार्क विचारले नाहीत. बाईंचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. मी निघतो म्हटल्यावर त्यांनी नुसता हात हलवला.

त्या परत आल्या नाहीत. नांदेडचं घर आता भाड्यानं दिलंय. हिवाळ्यात बदकं जलाशयावर निवांत पोहतात. रेखानं परवा फोन केला तर मीनलनंच उचलला. आई बरी आहे म्हणाली, सकाळी मुलींच्या भाज्या निवडून देते.

"काही बोलत नाहीत का?" रेखानं विचारलं.

"परवा वरणाबद्दल बोलली एकदा," मीनल म्हणाली. "मी नुसतं बघितलं तिच्याकडं. मग उठली अन् दुसऱ्या पातेल्यात स्वतःच करून दाखवलं. पोरींनी माझंच संपवलं. तिचं तिनं अन् मी खाल्लं."