चटईवाल्यांचं विमान

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्याकडे किस्से साठतात. त्यातही विमानाचे जास्त! चहाला चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली मॅडम, ते मोजपट्टीचं सांगा ना." मग मी सांगते. दर वेळी मी त्यात तिखट-मीठ वाढवते, असं शर्वरीताईंचं म्हणणं. वाढू दे की!

आमची कंपनी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवते, आणि चटया विणणारी मशिनंही. मशिनं जातात आफ्रिकेत. एखादं बंद पडलं की इथून टीम निघायची. आधी रेल्वे, मग एक विमान, मग दुसरं, मध्येच कुठल्या तरी एअरपोर्टच्या बाकावर बसून काढलेले तास. पोचेपर्यंत माणसं पिळून निघायची. सुटे भाग मागून कधी येतील ते येतील!

अशाच उशिरापायी केनियातलं एक जुनं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे गेलं. कंपनी आता शर्वरीताई चालवतात. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावून म्हणाल्या, "आपलं विमान घ्यायचं. शोभेचं नको. टीम, टूल्स, सुटे भाग, सगळं एकदम नेणारं."

म्हणजे कसं? विमान कंपन्या शंभरेक प्रवासी नेतात ना, तेच विमान. फक्त आतून नव्यानं सजवलेलं आणि लांब पल्ल्यासाठी पोटात इंधनाच्या जादा टाक्या बसवलेलं.

ते पारखायला समिती नेमली. स्वतः ताई. त्यांचे वडील नाना, म्हणजे पिंपळनेरकडच्या खेड्यातून येऊन ज्यांनी ही कंपनी उभी केली ते. कॅप्टन मिलिंद तायडे, दीपनगरच्या कॉलनीत वाढलेले, हयातभर मोठी विमानं उडवून आता घराकडे परतलेले. आणि चौथी मी! यावलची. तोवर कामगारांच्या बस ठरवणं, एवढाच माझा वाहतुकीतला अनुभव.

*

पहिला एजंट मुंबईहून आला. सूट, लॅपटॉप, सेंटचा घमघमाट. पडद्यावर चित्रं सुरू झाली. सोनेरी नळ, संगमरवरी बेसिन, बार.

नाना शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "आडवा किती जण पडतीन?"

एजंटाला कळेना. ताईंनी नानांची अहिराणी समजावली. तो खुलला. "सर, मास्टर बेडरूम आहे! किंग साइझ बेड!"

नानांनी चष्मा काढला. "मंग बाकीना समदा काय उभा ऱ्हातीन?"

संगमरवर तिथंच संपला.

*

प्रत्यक्ष विमान बघायला आम्ही हैदराबादला गेलो. नानांच्या काखेत आमच्याच कारखान्यातल्या चटयांची गुंडाळी. गेटवरच्या सिक्युरिटीनं अडवलं. "ये क्या है?"

"मोजपट्टी शे!" नाना म्हणाले आणि चालू लागले.

आत गेल्यावर त्यांनी खरोखरच चटया अंथरल्या. इथं एक, तिथं एक, पुढं दोन. मग कॅप्टनना झोपवलं, मला झोपवलं, स्वतः झोपले. "कूस बदला!" असा हुकूम सुटला. आम्ही विमानात ओळीनं कूस बदलतोय आणि तिथला एजंट दारात उभा! जरा वेळानं नानांनी त्यालाही खुणावलं. बिचारा बूट काढून आडवा झाला.

तो उठेचना! म्हणाला, "सर, चार दिवस झाले, मी नीट झोपलेलोच नाही."

ताईंनी तिथल्या तिथं ठरवलं. बेडरूम काढायची, सगळ्यांसाठी झोपायच्या खुर्च्या बसवायच्या.

*

विमानातल्या किचनची परीक्षा अक्कांनी मागितली. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण. त्यांनी डबाभरून शेवभाजी पाठवली होती. रस्सा असा लालभडक, की तिथली होस्टेस चार पावलं मागंच सरकली. आम्ही तो विमानातल्या ओव्हनमध्ये गरम केला. जरा वेळात हँगरमधले मेकॅनिक एकेक करून शिडीशी गोळा झाले. "क्या पक रहा है?"

ओव्हन पास झालं. पण कॅप्टननी डब्याकडे बघून नियम घातला. "हवा खराब असेल तेव्हा रस्सा बंद. कोरडी शेव खायची!"

आमच्या विमानाचा तो पहिला सेफ्टी रूल. आजही पाळतो.

*

आता खरी अडचण. जळगावची धावपट्टी काही मुंबईएवढी लांब नाही. असलं विमान इथून उडणार का?

एजंट म्हणाला, "बहुतेक जमेल."

कॅप्टन तायडे कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही नाही चढवला. एवढंच म्हणाले, "बहुतेक या शब्दावर मी आजवर चाक उचललेलं नाही."

दुपारभर ते वजन, उन्हाळा, वारा, सगळ्याचा हिशोब मांडत बसले. ताई खिडकीशी येरझाऱ्या घालत होत्या. जळगावहून निघताच येत नसेल तर विमानाचा उपयोग काय? शेवटी कॅप्टन म्हणाले, "टाक्या भरून घेतल्या तर नाही. हलकं असेल तर खुशाल उडेल."

म्हणजे थोडं इंधन घेऊन इथून उडायचं आणि मुंबईत टाक्या भरायच्या. ताईंचा चेहरा उतरला. लोक हसतील, म्हणाल्या.

नाना माझ्याकडे वळले. "वैशू, तुमनी यावलनी एसटी डेपोमा डिझेल भरस ना?"

"हो नाना."

"मंग आपला विमाननी मुंबईले भरं ते काय बिघडनं?"

ताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी!

*

पण विमान ठरलं ते रोलरवर. आमच्या मशिनचा मोठा रोलर माणसापेक्षा उंच. ताईंनी सुताराकडून तसाच लाकडी रोलर करून घेतला आणि टेंपोत घालून हैदराबादला नेला. आधी शेजारच्या छोट्या जेटला लावून बघितला. सामानाच्या दारातच अडकला. कसाही फिरवा, आत जाईना!

एजंट म्हणाला, "मॅडम, आमचे क्लायंट जास्तीत जास्त गोल्फचा सेट आणतात."

"आमचा खेळ वेगळा आहे," ताई म्हणाल्या.

मोठ्या विमानाच्या पोटात रोलर सरळ आत गेला. वर टूल्सच्या पेट्यांना जागा उरली. ताईंनी त्या लाकडावर थाप मारली आणि म्हणाल्या, "घेतलं!"

*

विमान पहिल्यांदा जळगावला उतरलं तेव्हा निम्मा कारखाना कुंपणाला चिकटून उभा होता. चालवत होते कॅप्टन तायडे. त्यांचे वडील दीपनगरहून आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांची सगळी नोकरी तिथल्या कोळशावरच्या वीजकेंद्रात गेली.

विमान टेकलं, ब्रेक लागले, वळायच्या जागेच्या बरंच आधी थांबलं. टाळ्या, शिट्ट्या! मी त्यांना विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

त्यांनी रुमालानं डोळे टिपले. "आम्ही आयुष्यभर धूर वर पाठवला मॅडम. पोरानं लोखंड वर पाठवलं!"

*

आणि आता घानाचा किस्सा. हा मी नेहमी शेवटी सांगते.

तिथल्या कारखान्याच्या मालकीण, मॅडम एफुआ. त्यांचा मोठा रोलर तुटला. मशीन ठप्प, ऑर्डर डोक्यावर. त्यांनी ताईंना फोन केला आणि आमच्या स्पर्धक कंपनीलाही केला. लपवलं नाही. म्हणाल्या, "जो आधी मशीन चालू करेल, पुढची सगळी मशिनं त्याची."

केनिया झाल्यावर हे दुसरं गिऱ्हाईक गेलं असतं, तर निर्यातीचं युनिट बंद करावं लागलं असतं. हे ताईंनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी जळगावहून उडालो. मुंबईत टाक्या भरल्या, कागदपत्रं झाली आणि निघालो. टीम पोटभर जेवली, मस्त झोपली. तिथल्या सकाळी उतरलो तेव्हा मॅडम एफुआंनी एअरपोर्टवर दोन मोठ्या बस पाठवलेल्या! एवढं विमान येतंय म्हणजे शंभर माणसं असणार, असा त्यांचा अंदाज. आम्ही मूठभर लोक खाली आलो. बसवाला बराच वेळ दाराकडे बघत राहिला. शेवटी एका बसमध्ये आम्ही बसलो. रोलर ट्रकमधून मागोमाग.

आमची पोरं ताजीतवानी होती. कुणी चहासुद्धा मागितला नाही, थेट मशिनला भिडली. दुपार कलता कलता रोलर बसला. ताईंनी बटण दाबलं. मशीन एकदा कुरकुरलं, थांबलं. मग खटखट सुरू झाली आणि हिरवी-पिवळी चटई बाहेर यायला लागली. तिथल्या बायकांनी गाणंच धरलं!

तेवढ्यात मॅडम एफुआंचा फोन वाजला. स्पर्धक कंपनीचा माणूस. आवाज मोठा होता, मला शेजारी ऐकू येत होता. "मॅडम, आनंदाची बातमी! आमच्या इंजिनिअरचं तिकीट आत्ताच कन्फर्म झालं!"

मॅडम एफुआ दोन पावलं पुढं गेल्या, फोन मशिनजवळ धरला, जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि बंद केला.