प्लायवुडपलीकडचा इतिहास

माझा आवाज लहान आहे. लग्न ठरवताना हा गुण म्हणून सांगितला गेला, नोकरीत तो दोष ठरला. डोळखांबकडच्या आमच्या माध्यमिक शाळेत नववी आणि सातवी यांच्यामध्ये भिंत नाही, प्लायवुड आहे. अलीकडे नववीला मी विज्ञान शिकवते, पलीकडे सातवीला मुख्याध्यापक इतिहास शिकवायचे. इतिहास म्हणजे त्यांच्या मते लढाया, आणि लढाई काही हळू आवाजात होत नाही.

तरी तक्रार त्यांचीच. "बाई, तुमच्या वर्गात बाजार भरतो. आवरत नसेल तर पुढच्या महिन्यापासून नववी दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही पाचवी घ्या."

नववी म्हणजे माझा जीव. पाचवीतल्या पोरांची नखं तपासायला का मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं? मनातल्या मनात खूप चरफडले आणि तोंडाने "बरं, सर" म्हणाले.

त्याच आठवड्यात ध्वनीचा धडा आला. मी फोनवर आवाज मोजायचं एक फुकटचं ॲप घेतलं. आवाज वाढला की त्यातला काटा उजवीकडे पळतो आणि खाली आलेखाची रेघ वर चढते. फोन वर्गातल्या टीव्हीला जोडून पोरांना दाखवला आणि सांगितलं, घरच्यांचा फोन घ्या नि पाड्यावरचा सगळ्यात मोठा आवाज पकडून आणा. दुसऱ्या दिवशी भातगिरणी आली, हळदीचा डीजे आला, आणि ओढ्यापलीकडच्या म्हशीला हाक मारणारी एका मुलीची आई आली. आईचा आकडा गिरणीच्या अगदी जवळ पोचला होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पलीकडून प्लायवुडवर थाप पडली.

"आता शांतता मोजू," मी म्हटलं. पोरं श्वास रोखून बसली. काटा मात्र उड्याच मारत होता.

"बाई, आमी कोण नाय बोलत," एक मुलगा कुजबुजला. "तरी ह्यो थांबत नाय."

कान दिला. पलीकडे किल्ल्याला वेढा पडला होता. सरांचा आवाज चढला की काटा उजवीकडे, सर पाणी प्यायले की काटा खाली. मग मी बोलून पाहिलं. माझा आवाज आणि प्लायवुडमधून येणारा सरांचा आवाज, दोन्ही एकाच आकड्यावर! म्हणजे पोरांना माझं ऐकूच जात नव्हतं. बाई काय म्हणाल्या, असं ती एकमेकांना विचारत. तो गलका पलीकडे जाई आणि त्यावर मात करायला सर आणखी मोठ्याने लढत.

हे समजावत होते तेवढ्यात सर दारात उभे. "काय गोंधळ आहे हा!"

काटा शेवटाला जाऊन आपटला.

"सर, तुमी गिरणीला हरवलंत!" एक मुलगी आनंदाने ओरडली.

गेली नववी, मी मनात म्हटलं.

सरांनी चष्मा लावला. "गिरणीला? कुठल्या, बाजारातल्या?" आणखी एकदा ओरडून त्यांनी खात्री करून घेतली. मग आम्हाला गप्प बसवून स्वतः सातवीत गेले, वेढा पुन्हा घातला आणि धापा टाकत परत आले. टीव्हीवर आवाजाचा आलेख उमटला होता.

"मी इथपर्यंत एवढा येतो?"

"येता, सर."

"आणि तुम्ही?"

मी बोलून दाखवलं. सरांनी टीव्हीजवळ जाऊन माझी रेघ आणि त्यांची रेघ बोटाने जुळवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सातवी पार टोकाच्या खोलीत हलली. "माझा आवाज त्या प्लायवुडला झेपत नाही," सर स्टाफरूममध्ये सांगत होते. गिरणीला हरवल्याची बातमीही त्यांनी स्वतःच बाजारापर्यंत नेली. नववी माझ्याकडेच राहिली.

त्या शांततेतला पहिला तास संपला तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. जूनपासून तिने एक शब्द विचारला नव्हता.

"बाई, तुमी रोज एवढं शिकवता?"

मला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. पुढच्या तासाला मी पुस्तक पहिल्या धड्यावर उघडलं.

"ह्यो तर झालाय, बाई!" पुढची पोरं कुरकुरली.

"तिचा नाही झाला," मी म्हटलं.