माळ्यावरचा सायलेन्सर

माझे सासरे प्लंबर. निवृत्त झाल्यावरही कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की चहाआधी बेसिनखाली डोकावून येत. लग्नाआधी त्यांच्याकडे एक जपानी स्पोर्ट्‌स कार होती, लांब नाकाची, दोन दारांची. घर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी ती विकली. नेमका त्या दिवशी सायलेन्सर आणि इंजिनापासून निघणाऱ्या नळ्यांचा जुडगा दुरुस्तीसाठी उतरवलेला. घेणाऱ्याला घाई. त्याने कसलातरी साधा पाइप लावला आणि गाडी नेली. नळ्या मागे राहिल्या त्या राहिल्याच.

सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा गाडी गेलेली होती, नळ्या मात्र माळ्यावर. "सवत परवडली असती, माझ्या नशिबी सवतीचं शेपूट आलं," असं त्या येईल त्याला सांगायच्या. तरी दर साफसफाईला फडकं मात्र त्याच मारायच्या.

एकदा माझ्या नवऱ्याने त्या नळ्यांचा फोटो काढून जुन्या गाड्यावाल्यांच्या ग्रुपवर टाकला. असे मूळ भाग आता शोधूनही मिळत नाहीत, त्यामुळे फोनवर फोन सुरू झाले. बाबा, म्हणजे माझे सासरे, भडकले. "मला विचारलंस? बाजार मांडलास घराचा!" पुढचे कितीतरी दिवस बापलेकांत अबोला.

फोन न करता थेट दारात आली ती एकटी एक बाई. शहरातली बस चालवायची. तशीच गाडी तिने मोडीच्या भावात घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच तिच्याखाली झोपून दुरुस्त करत होती.

"विकायचं नाही," बाबांनी उंबऱ्यातच सांगितलं.

"विकत नकोच. मापं घेऊ द्या. तसंच बनवून घेईन."

याला नाही कसं म्हणणार? ती फरशीवर बसून नळीच्या वळणावर तार वाकवू लागली. बाबा खुर्चीत पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. शेवटी राहवलं नाही. "तार दाबू नका हो, वळण मोडतंय." मग ते खाली बसले. मग चहा झाला. ती निघाली तेव्हा म्हणाले, "बनवून तशा होणार नाहीत. ह्याच न्या. पण अशा गंजक्या नाही देणार."

काम महिनोन्‌महिने चाललं. गंज निघावा म्हणून कपडे भिजवायचा मोठा टब लिंबूसत्त्वाच्या पाण्याने भरून त्यात नळ्या बुडाल्या आणि आमचे कपडे बादलीत गेले. सायलेन्सर शिवणीवर कापून उघडला, तर आतली जाळीदार नळी हात लावताच पापडासारखी चुरली. ती नवी करून घेतली, भोवती आवाज दाबणारी काचेची नवी लोकर भरली. पोचे काढायला बाबा आतून ठोकळा धरून बाहेरून हलक्या हाताने हातोडी मारत. "बाळाला थोपटताय की काय?" सासूबाई विचारायच्या. वेल्डिंगला बाबांचा हात आता थरथरायचा. ते त्यांनी कुरकुर न करता ओळखीच्या वेल्डरला दिलं आणि त्याच्या डोक्यावर उभे राहिले.

तिच्याकडे बसवायच्या दिवशी नळ्यांची तोंडं इंजिनाला जुळेचनात. तिची गाडी वर्षभर नंतरच्या मॉडेलची निघाली, भोकं किंचित सरकलेली.

"भोकं मोठी करू?" तिने विचारलं.

"हात लावू नका," बाबा म्हणाले. घरी येऊन त्यांनी पुठ्ठा कापून माप काढलं आणि मधे बसून दोन्हीकडची भोकं जुळवेल अशी लोखंडी चकती करून आणली. चकती घालून बोल्ट आवळले, ते बसले.

ती गाडी घेऊन आमच्या गल्लीत आली. आवाज भारी, खर्जातला, कुठे फाटलेला नाही. बाबा कठड्याला टेकून उभे.

"बसा ना," ती म्हणाली. बाबांनी कठडा धरूनच ठेवला. "नको. मी इथून ऐकतो."

सासूबाईंनी पदर खोचला. "मी बसते."

त्या बसल्याही. गाडी वळली, आवाज शाळेमागे गेला, मोठ्या रस्त्याला लागून चढला, पुन्हा उतरत जवळ आला. बाबा मान खाली घालून ऐकत होते. माझा नवरा शेजारी जाऊन उभा राहिला. "बरा वाटतोय ना आवाज?" त्याने विचारलं. "तिसऱ्या गिअरला जरा ऐकायला हवा होता," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी नीट बोलले.

सासूबाई उतरल्या. केस विस्कटलेले, गाल लाल.

"हे विकलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या. "माझ्या येण्याआधी? थांबवलं नाही कुणी?"

"घर हवं होतं."

"घर काय, भाड्यानेही मिळालं असतं." त्यांनी दार उघडंच धरलं होतं. "चला, बसा आता. गुडघा सांभाळा, बैठक फार खाली आहे."

बाबा बसले.