एका प्याल्याची मंडळी

येमूआक्का गेल्याचा फोन रोह्याहून आमच्या चर्चच्या पाळकांनी केला. “बाई, येमूआक्का प्रभूकडे गेल्या. ताप अंगावर काढला त्यांनी.” मी “अरेरे” म्हटलं आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता तिला सांगायची गरज उरली नाही. दुसरा, की आता सांगताच येणार नाही... दीड महिना झाला, दुसराच तेवढा राहिलाय.

ती कासूजवळच्या कातकरी वाडीतली. पेणच्या बाजारात रानभाज्या, चिंबोऱ्या विकायची. आमची पेणची मंडळी जेमतेम तीस-पस्तीस माणसांची, बहुतेक माझ्यासारखी शिक्षक-नर्सांच्या घरातली, पिढीजात ख्रिस्ती. महिन्यातून एकदा पाळक रोह्याहून येत आणि प्रभुभोजन होई. तेव्हा द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायचा. एका बापाची लेकरं एका प्याल्यातून पितात, असं मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. येमूआक्काचा बाप्तिस्मा झाला आणि पहिल्याच खेपेला ती माझ्या अगोदर प्यायली. प्याला माझ्या हाती आला. तिच्या ओठांनी ओली झालेली कड मी रुमालानं पुसली, प्याला फिरवला, दुसऱ्या बाजूनं ओठ टेकवल्यासारखं केलं. प्यायले नाही. ती शेजारीच बसली होती.

पुढच्याच बैठकीत मी छोट्या पेल्यांचा विषय काढला. ज्याचा त्याला वेगळा. आरोग्याच्या दृष्टीनं बरं. दोन मिनिटांत सगळे हो म्हणाले. इतकी वर्षं एकमेकांचं उष्टं पिऊन कोण आजारी पडलं, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांच्याच पोटात होतं. आमच्या पणजोबांनी धर्म बदलला, सोवळं मात्र ट्रंकेत घालून बरोबर आणलं. पुढे एका रविवारी, परदेशात रंगामुळे छळ सोसणाऱ्या काळ्या बांधवांसाठी मी डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केली, आणि लगेच आपापले पेले उचलले गेले.

ते पेले उपासनेनंतर धुवायची कोण, तर येमूआक्का. “द्या गो बाय, मी घासते. तुमी पोरांना शिकवा.” तिचं तोंड आम्हाला चालत नव्हतं, हात चालत होते.

नाताळच्या नाटकात तिच्या नातीला मी दरवर्षी मेंढपाळ करायचे. मरीया गोरीच हवी, असं मी कधी बोलले नाही, फक्त तशी निवडत गेले. एकदा तालमीला बसलेली येमूआक्का सहज म्हणाली, “मरीया बी उन्हात राबत आसंल ना, बाय?” मी हसून विषय बदलला. विषय बदलण्यात आम्हा शिक्षकांचा हात कोण धरणार.

त्या प्याल्याचं तिला सांगायचं अनेकदा ठरवलं. पेण स्टेशनवर ती रोह्याच्या गाडीची वाट बघत बसे, मी मुद्दाम शेजारी जाऊन बसे. ती माझ्या पिशवीत भारंगीची जुडी कोंबायची आणि म्हणायची, “येकदा वाडीवर या, च्या पिऊन जा.” मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. गाडी यायची, ती जायची, आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटायचं.

परवा शेवटी वाडीवर गेले. तिची लेक संगी घरात होती. तिनं फळीवरून एक काचेचा ग्लास काढला, पदरानं पुसला आणि पाणी भरून पुढे केला. घरात बाकी सगळी भांडी स्टीलची.

“हा कुणाचा गो?” मी विचारलं.

“तुमचाच. आयनं बाजारातून आनलेला, तुमी येनार म्हनून. आमाला हात लावू देत नव्हती. तुमाला कुनाचं उष्टं चालत नाय म्हने.”

“तिला कुणी सांगितलं?”

“कोन सांगनार? ती तुमच्या बाजूला बसलेली ना, त्या दिवशी.”

संगीच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, “ह्यातलं नको. तुमच्या तांब्यातलं दे.”

“नाय, बाय,” ती म्हणाली. “आयनं सांगितलंय.”

मी प्यायले. रिकामा ग्लास संगीनं धुतला आणि फळीवर परत उपडा ठेवला, घरातल्या भांड्यांपासून वीतभर लांब.