न कापलेलं बोनेट

आर्णी रोडवरच्या त्या मिस्त्रीला काही विचारलं, की तो आधी फडक्यानं एकेक बोट पुसतो, मग बोलतो. बाबांच्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्ये तो नव्या गाडीचं मोठं, जास्त उंच इंजिन बसवत होता. त्या जुन्या कारचं बोनेट बाबा रोज स्वतः पुसायचे. मी गेलो की एकच विचारायचो, "बोनेट कापा लागन का?"

बोटं पुसून तो म्हणायचा, "पाहू ना, भाऊ." कटर मात्र शेजारी तयारच असायचं.

काल त्यानं इंजिन आणखी खाली घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी बोनेट हळूच दाबलं. ते न कापताच नीट बंद झालं.

"मले बी भेवच वाटून राह्यलं होतं," तो बोटं न पुसताच बोलला.

बोनेटवरचे त्याच्या तळव्यांचे काळे ठसे मी अजून पुसलेले नाहीत.