बिनदोऱ्याची सुई

थोरली सून म्हणून ती त्या घरात आली आणि कायमची थोरलीच राहिली. खरं नाव कुणी घेतलं नाही. शिवणकाम हा तिचा धंदा. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून तिची पायमशीन असे. भिंतीवर खिळ्याला कात्री, खाली चिंध्यांचा ढीग. मशीन मूळची तिच्या मावशीची. डोळे अधू झाले तेव्हा मावशीने ती भाचीला दिली आणि देताना बजावलं, "मशीनवरून उठलीस की सुईतला दोरा काढून घे. आपली टीप दुसऱ्याच्या हाताला देऊ नये."

थोरलीने हे आयुष्यभर पाळलं. पाणी प्यायला उठली तरी दोरा ओढून काढायची आणि रीळ कमरेला खोचायची.

"कोण चोरणार आहे गं तुझी टीप?" नवरा विचारायचा.

"चोरणारं माणूस सांगून येत नाही," ती म्हणायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं, धाकटी आली, आणि घरातला सगळा उजेड तिच्याकडे सरकला. धाकटीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण ती हसली की समोरचं माणूस हसायचं. थोरलीने वाढलं तर "मीठ बरोबर आहे" एवढंच. तेच धाकटीने वाढलं की "वा!" असूया म्हणजे कपड्यात विसरलेली टाचणी. उभं असताना काही नाही. जरा टेकावं तर टोचते.

एका सकाळी प्रसिद्धी खात्याचे साहेब फोटोवाल्याला घेऊन दारात उतरले. बायकांना फुकट शिलाई मशिनी वाटायची मंत्र्यांची योजना होती. गल्लीतल्या बऱ्याच जणींनी अर्ज केले होते, पण मशीन एकीच्याही दारात उतरली नव्हती. साहेबांना हवा होता फोटो. फोटोला हवी मशीन, आणि ती थोरलीकडे होती.

थोरली तेव्हा टाचण्या दातांत धरून झग्याची बाही जोडत होती.

"बाई, जरा हसा," साहेब म्हणाले.

तिने टाचण्या काढल्या आणि हसली. फोटोसाठी हसायची सवय नव्हती. ते हसू उसन्या चपलेसारखं कुठेच नीट बसेना.

"छे, ह्या रागावल्यासारख्या दिसतात," साहेब फोटोवाल्याला म्हणाले. "लाभार्थी आनंदी दिसला पाहिजे."

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली.

"ह्या कोण?"

"मी होय? मी कुणीच नाही हो, जाऊ आहे ह्यांची," म्हणत धाकटी हसली, आणि साहेबांचं काम झालं.

थोरलीला उठावं लागलं. उठताना तिने दोरा काढला. रोज सवयीने काढायची. त्या दिवशी दातओठ खाऊन हिसडला. रीळ मुठीत आवळलं आणि मनात म्हणाली, बस आता. फोटोवाल्याला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, धाकटीला त्याहून कमी.

पुढे गावभर फ्लेक्स लागले. 'घरोघरी मशीन, घरोघरी मान.' वरच्या कोपऱ्यात हात जोडलेले मंत्री, आणि मधोमध मशीनवर बसलेली धाकटी. बसथांब्यावरचा फ्लेक्स सगळ्यात मोठा. थोरली कापड आणायला निघाली की त्याच्यासमोर थांबायची. मशीन माझी. हिच्या अंगातला ब्लाउज मी शिवलेला. खांदा कसा पाण्यासारखा उतरलाय. मागचा पडदा माझा. एवढं सगळं माझं, आणि मान हिचा!

गल्लीतल्या बायका धाकटीकडे येऊ लागल्या. "तुला मिळाली ना, मग आमचीही येईल."

"येईल हो, येईल," धाकटी म्हणायची. खोटं बोलायची नाही, पण खरंही सांगायची नाही.

एकदा थोरलीला राहवलं नाही. "अगं बायांनो, ही माझ्या मावशीची मशीन! सरकारनं साधी टाचणी दिलेली नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दाराबाहेर गेल्यावर एकजण कुजबुजली, "जळते बिचारी." थोरलीने ते ऐकलं. जळत तर होतीच. कडू तोंडाने सांगितलेलं खरं कुणी गिळत नाही. मंत्र्यांचं गोड होतं, ते सगळ्यांनी गिळलं.

थोरलीच्या कपड्यांना हुक लावायला आणि काजं करायला एक बाई यायची; तिला सगळे काजेवालीच म्हणत. ती एक दिवस पोट धरून हसत आत शिरली.

"थोरले, तुझी जाऊ वाऱ्यानं शिवते की काय गं? बसथांब्यावर बघून आले. सुईत दोराच नाही!"

दुपारपर्यंत अख्खी गल्ली बघून आली. खरंच, सुई नागडी होती, आणि धाकटी तिच्याखाली कापड सरकवत गोड हसत होती. मग काय विचारता! नळाला पाणी आलं नाही, तर "बिनदोऱ्याचं आहे." रस्ता खचला, तर "बिनदोऱ्याचा होता." बायका घोळक्याने कचेरीत गेल्या. तिथला कारकून म्हणाला, मशिनी केव्हाच वाटून झाल्या. कुणीतरी खाल्ल्या हे उघड होतं. एवढं लोखंड पचलं कसं, एवढंच गल्लीला कळेना.

थोरलीला वाटलं, आता तरी आपलं खरं ठरलं. पण गल्ली म्हणू लागली, "धाकटीनंच मुद्दाम काढला असणार दोरा. हसत हसत सरकारचं पितळ उघडं पाडलं. धीराची गं बाई!" धाकटी त्यावरही हो म्हणेना की नाही म्हणेना. थोरलीने पायडल जोरात दाबलं. दोरा माझा, काढला मी, आणि धीराची ही?

साहेब पुन्हा आले. या वेळी चहा नको म्हणाले.

"मंत्र्यांची सभा आहे," ते धाकटीला म्हणाले. "स्टेजवर सांगायचं, मशीन योजनेतून मिळाली, दोरा तेवढा तुटला होता. नाही सांगितलंत तर बदनामीची कारवाई तुमच्यावर. आणि मशीन सरकारी समजून उचलून नेऊ."

खिडकीबाहेर बायका जमल्या होत्या. धाकटीचं हसू प्रथमच पुसलं गेलं. "ताई..." एवढंच म्हणाली.

थोरलीने गप्प बसायचं होतं. धाकटी स्टेजवर खोटं बोलली असती, गल्लीच्या नजरेतून उतरली असती. इतक्या दिवसांची टाचणी निघाली असती. पण मावशीची मशीन मंत्र्यांची म्हणून माइकवरून सांगणार? आणि नाही सांगितलं तर कारवाईसुद्धा हिच्याच नावावर? तीही हिलाच?

"दोरा मी काढला," थोरली म्हणाली.

"तुम्ही? कुणाच्या सांगण्यावरून? कुठल्या पक्षाच्या?"

"पक्ष कसला घेऊन बसलात! जळत होते मी. मशीन माझी आणि फोटो हिचा. जळू नको तर काय करू?"

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. जळण्यावर कारवाई करायचं कलम साहेबांकडे नव्हतं.

"मशीन मात्र योजनेची," ते पुटपुटले.

थोरलीने स्टूल पुढे ओढलं. "मग बसा. पायडल बघा, टाचेखाली कसं झिजलंय. आधी मावशीची टाच, मग माझी. तुमच्या मंत्र्यांची टाच तिथं बसली, तर खुशाल न्या."

"साहेब, बूट काढून बसा हं!" काजेवाली बाहेरून ओरडली.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे नुसते डोळेच डोळे होते. ते बसले नाहीत. सभा दुसऱ्या गावी झाली, आणि मशीन जिथे होती तिथेच राहिली.

मशिनी गल्लीत आल्या नाहीत, खोटं कशाला सांगू? पण तेव्हापासून नवा फ्लेक्स लागला की बायका आधी अगदी जवळ जाऊन बघतात, मग बोलतात.

जुना फ्लेक्स उतरवणाऱ्या माणसाकडून थोरलीने तो मागून आणला. मशीनला कव्हर हवंच होतं. धाकटीने दुसरं टोक धरलं, थोरलीने खडूने आखून कात्री चालवली. मंत्री चिंध्यांत गेले.

"ताई, माझं तोंड कुठं आलं हो?"

"आतल्या बाजूला. मशीनला सोबत."

धाकटी खळखळून हसली. थोरलीला पुन्हा टोचलं. पण या वेळी तिलाही हसू आलं, आणि ते बरोबर बसलं.

कव्हर शिवून झाल्यावर तिने जाड सुई घेतली, लाल दोरा ओवला, आणि चित्रातल्या सुईच्या नेढ्यात एक टाका घातला. मग मशीनवरून उठताना तिथला दोरा नेहमीसारखा काढून घेतला. चित्रातला राहू दिला.